उघड्या दाराची खिंड
आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड : हजार वर्षे चालत आलेली यात्रावाट

आल्प्स पर्वतरांगेत उंच खिंडींची वाण नाही. त्यांच्या तुलनेत स्वित्झर्लंड आणि इटली यांच्या सीमेवरील ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंड काही फार उंच म्हणता येणार नाही. समुद्रसपाटीपासून तिची उंची २४६९ मीटर. हिमालय पाहिलेल्या भारतीय प्रवाशाला हा आकडा किरकोळच वाटेल. तरीही युरोपच्या इतिहासात या खिंडीइतका दबदबा फार थोड्या जागांच्या वाट्याला आला. रोमन सेना, इंग्लंडचे धर्माधिकारी, आइसलँडचे यात्रेकरू, व्यापारी, तस्कर, नेपोलियनच्या तोफा असे सगळे येथून गेले. त्यातले सगळेच पलीकडे पोहोचले, असे मात्र नाही. आज उन्हाळ्यात पाठीवर पिशवी टाकून या वाटेने निघणाऱ्या पदभ्रमण करणाऱ्याला चार-पाच दिवसांत हा सारा इतिहास पायांखालून जाताना अनुभवता येतो.

या वाटेचे नाव व्हिया फ्रांचिजेना, म्हणजे फ्रँक लोकांच्या देशातून येणारी वाट. इंग्लंडमधील कँटरबरीपासून फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीमार्गे ती रोमला जाते. युरोप परिषदेने १९९४ मध्ये तिला सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. तिचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे ही खिंड.

भीतीची वाट

खिंडीचे महत्त्व ओळखणारे पहिले राज्यकर्ते रोमन. इ.स. पूर्व ५७ मध्ये ज्युलियस सीझरने आपला सेनाधिकारी सर्व्हियस गाल्बा याला उत्तरेकडील ऑक्टोडुरस येथे, म्हणजे आजच्या मार्तिन्यी गावी पाठविले. व्यापाऱ्यांना मोठी जोखीम पत्करून आणि जबर जकात भरून ज्या वाटेने जावे लागे, ती मोकळी करणे हा हेतू होता. स्थानिक टोळ्यांनी गाल्बावर असा हल्ला चढविला की लढाईत तगूनही त्याला तेथून काढता पाय घ्यावा लागला. पुढे ऑगस्टसच्या काळात दक्षिणेकडील सालासी जमातीचा पाडाव झाला, इ.स. पूर्व २५ मध्ये आओस्ता शहर वसविण्यात आले आणि पहिल्या शतकात क्लॉडियस सम्राटाच्या कारकिर्दीत खिंडीतील रस्ता सुधारला गेला.

माथ्यावर रोमनांनी ज्युपिटर देवाचे मंदिर बांधले. त्या जागेला आजही ‘ज्युपिटरचे पठार’ म्हणतात. तेथील उत्खननात सुमारे पन्नास लहान कांस्यपट्ट्या सापडल्या. खिंड ओलांडणाऱ्या सैनिकांनी, व्यापाऱ्यांनी आणि सेवकांनी देवाला वाहिलेले हे नवस. जाण्यासाठी आणि परत येण्यासाठी देवाने सांभाळावे, एवढीच मागणी त्यांतल्या काहींवर कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला या डोंगराविषयी काय वाटत होते, हे त्या मोजक्या शब्दांतून नेमके कळते.

रोमन साम्राज्य कोसळले, मंदिर ढासळले. भीती मात्र तशीच राहिली. इ.स. ९५९ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी निवड झालेला एल्फसिगे रोमला जायला निघाला आणि आल्प्समध्येच थंडीने गारठून मरण पावला. थंडीच्या जोडीला माणसांचाही धोका होता. दहाव्या शतकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर तळ ठोकून असलेल्या सारासेन टोळ्यांनी आल्प्समधील खिंडींवर दहशत बसविली होती. ९७२ मध्ये क्लूनी येथील प्रख्यात मठाचा प्रमुख मायोलस याला त्यांनी ऑर्सिएर गावाजवळ पकडले. जबर खंडणी भरल्यावरच त्याची सुटका झाली.

सिजेरिकच्या यादीतील रिकामी जागा

अशा काळात, इ.स. ९९० मध्ये, कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक रोमला गेला. पोपच्या हातून ‘पॅलियम’ हे अधिकाराचे प्रतीक असलेले लोकरी वस्त्र स्वीकारणे हा प्रवासाचा हेतू. परतीच्या वाटेवरील मुक्कामांची यादी त्याच्याबरोबरच्या कोणीतरी करून ठेवली. रोमपासून इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यापर्यंतच्या ७९ ठिकाणांची ही कोरडी यादी आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आजची व्हिया फ्रांचिजेना प्रामुख्याने याच यादीवरून आखलेली आहे.

ही यादी बारकाईने वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. आओस्तानंतर इटलीच्या बाजूचे सँ-रेमी हे गाव येते आणि त्यानंतरचा मुक्काम थेट खिंडीपलीकडचे बूर-सँ-पिएर. दोन्ही गावांच्या मध्ये सुमारे २० किलोमीटरची वाट, साडेआठशे मीटरची चढण आणि तितकीच उतरण. या टप्प्यात यादी गप्प आहे. कारण तेथे थांबण्याजोगे काही नव्हतेच. डोंगर एका दमात ओलांडायचा. वाटेत वादळाने गाठले, तर आडोसा नाही.

यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, बाराव्या शतकाच्या मध्यास, आइसलँडमधील निकुलास नावाच्या मठाधिपतीने रोमच्या वाटेचे असेच टिपण केले. त्यात या रिकाम्या जागी एक नाव आले आहे : बर्नार्डची धर्मशाळा. दोन टिपणांमधला हा एका नोंदीचा फरक, हीच या खिंडीच्या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय.

बर्नार्डची धर्मशाळा

बर्नार्ड हा आओस्ताच्या कॅथीड्रलमधील आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्माधिकारी. त्याच्या घराण्याविषयी आणि तारुण्याविषयी पुष्कळ दंतकथा आहेत. त्या बऱ्याच नंतरच्या. लुटले गेलेले, थंडीने अर्धमेले झालेले प्रवासी आओस्तात येताना तो पाहत असे, एवढे मात्र सहज समजू शकते. इ.स. १०५० च्या सुमारास त्याने थेट खिंडीच्या माथ्यावर धर्मशाळा उभारली. पायथ्याशी धर्मशाळा बांधणे सोपे होते. जेथे वर्षातले बहुतेक महिने बर्फ असते, झाड उगवत नाही, सरपण आणि धान्य खालून वाहून आणावे लागते, तेथे कायमची वस्ती करणे ही वेगळीच गोष्ट होती. पण प्रवासी मरत होते ते माथ्यावर. म्हणून मदतही माथ्यावरच हवी, हे बर्नार्डचे साधे गणित.

संत ऑगस्टीनच्या नियमानुसार राहणाऱ्या धर्मबंधूंचा एक संघ येथे स्थिरावला. आलेल्या प्रत्येकाची सेवा म्हणजे ख्रिस्ताचीच सेवा, हे त्याचे ब्रीद. प्रवासी कोण, कुठला, कोणत्या पंथाचा, हे न विचारता त्याला अन्न आणि निवारा द्यायचा, असा परिपाठ पडला. हिवाळ्यात रोज सकाळी धर्मबंधू आणि वाटाडे दोन्ही बाजूंच्या उतारांवर जाऊन कोणी अडकले आहे का, हे पाहत. धुके दाटले की घंटा वाजविली जाई. तेव्हापासून आजतागायत सुमारे पावणेदहा शतके ही धर्मशाळा वर्षाचे ३६५ दिवस सुरू आहे. तिच्या मुख्य दाराला कुलूप लावले जात नाही, असे येथे अभिमानाने सांगितले जाते.

अर्थात धर्मशाळा उभी राहिली म्हणून डोंगर निवळला नाही. ११८८ मध्ये कँटरबरीच्या एका भिक्षूने येथून मित्राला लिहिलेल्या पत्रात शाईची दौत गोठल्याचे, दाढीवर बर्फ साचल्याचे आणि बोटांना लेखणी धरवत नसल्याचे वर्णन आहे. आपल्या बंधूंनी या जाचाच्या जागी येऊ नये, असे सांगण्यासाठी तरी देवाने आपल्याला परत न्यावे, अशी त्याची करुणा भाकणी होती. स्वित्झर्लंडकडील शेवटच्या चढणीचे नावच ‘मृतांची दरी’ असे आहे. जे सापडत ते मृतावस्थेत, त्यांना पुरण्यासाठी माथ्यावर पुरेशी माती नव्हती. त्यामुळे धर्मशाळेशेजारी एक शवगृह होते. ओळख पटविण्यासाठी कोणी येईल या आशेने तेथे देह ठेवले जात आणि कोरड्या थंडीत ते वर्षानुवर्षे टिकत. चार्ल्स डिकन्स १८४६ मध्ये येथे आला होता. त्याच्या ‘लिटल डॉरिट’ या कादंबरीत हे शवगृह आणि धर्मशाळा दोन्हींचे चित्रण आहे.

कुत्रा, पिंप आणि दंतकथा

सेंट बर्नार्ड म्हटले की बहुतेकांना आठवतो तो गळ्यात मद्याचे पिंप अडकविलेला धिप्पाड कुत्रा. धर्मशाळेत कुत्रे पाळण्याची प्रथा सतराव्या शतकातली. आधी राखणीसाठी आणलेल्या या कुत्र्यांचे बर्फाखालच्या माणसाचा माग काढण्याचे कसब पुढे ध्यानात आले. त्यांतला सर्वांत नामांकित ‘बॅरी’. १८०० ते १८१४ हा त्याचा जीवनकाळ. त्याने चाळीसहून अधिक जणांचे प्राण वाचविले, असे मानले जाते. ज्याला वाचवायला गेला त्याच सैनिकाने त्याला लांडगा समजून मारले, ही कथा लोकप्रिय असली तरी खरी नाही. बॅरीला उतारवयात बर्न शहरात नेण्यात आले आणि तेथेच तो मरण पावला. त्याचा पेंढा भरलेला देह बर्नच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. पिंपाची गोष्टही चित्रकाराच्या कुंचल्यातून आली. एडविन लँडसिअर या इंग्रज चित्रकाराने १८२० च्या चित्रात ते रंगविले आणि ते कुत्र्याच्या गळ्यात कायमचे अडकले.

हेलिकॉप्टर आणि शोधयंत्रे आल्यावर कुत्र्यांचे मूळ काम संपले. २००५ मध्ये त्यांच्या पैदाशीची जबाबदारी मार्तिन्यी येथील बॅरी प्रतिष्ठानाने स्वीकारली. आता कुत्रे उन्हाळ्यात खिंडीत असतात आणि हिवाळा खालच्या गावात काढतात.

असाच दंतकथेचा थर नेपोलियनवरही चढला आहे. मे १८०० मध्ये सुमारे चाळीस हजारांचे सैन्य त्याने या खिंडीतून इटलीत उतरविले. तोफांच्या नळ्या पोखरलेल्या झाडांच्या बुंध्यांत घालून माणसांनी ओढल्या. दाव्हिदच्या प्रसिद्ध चित्रात नेपोलियन उधळलेल्या घोड्यावर दिसतो. प्रत्यक्षात त्याने खिंड ओलांडली ती एका स्थानिक वाटाड्याच्या खेचरावर बसून. त्याच मोहिमेत मारेंगोच्या लढाईत पडलेला सेनापती देसे याचे थडगे धर्मशाळेच्या चर्चमध्ये आहे.

मार्तिन्यी ते आओस्ता

मार्तिन्यी ते आओस्ता हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर. धडधाकट माणसाला पाच दिवसांत ते आरामात कापता येते. मार्तिन्यीची उंची जेमतेम पावणेपाचशे मीटर. म्हणजे माथ्यापर्यंत जवळजवळ दोन हजार मीटरची चढण. ती तीन दिवसांत विभागली जाते.

पहिला दिवस ऑर्सिएरपर्यंतचा. द्राँस नदीच्या अरुंद दरीतील या टप्प्याला सोपा समजून चालत नाही. सँब्राँशे गावापर्यंतची पायवाट कधी झाडांच्या मुळांवरून, कधी तीव्र उतारांच्या कडेने जाते. पावसात ती निसरडी होते. दुसऱ्या दिवशी दरी रुंदावते. गवताची कुरणे, लाकडी कोठारे, लीद हे गाव मागे टाकत १६३२ मीटरवरील बूर-सँ-पिएर गाठायचे. येथील चर्चजवळ रोमन काळातील मैलाचा दगड उभा असून त्यावर २४ हा आकडा आहे. मार्तिन्यीपासूनचे ते अंतर, रोमन मैलांत. नेपोलियनच्या सैन्याने या गावाची लाकडे आणि खेचरे वापरली. ठरलेली भरपाई पूर्ण मिळाली नाही. ही उधारी गाव विसरले नाही. अखेर १९८४ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांच्या काळात तिची प्रतीकात्मक फेड झाली.

तिसरा दिवस खिंडीचा. सुमारे १३ किलोमीटर आणि साडेआठशे मीटर चढण, म्हणजे चार ते पाच तास. तूल धरणाच्या जलाशयाला वळसा घालून वाट वर चढते. थोड्या अंतरावर बोगद्याचे तोंड दिसते. १९६४ मध्ये खुल्या झालेल्या या पावणेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून मोटारी काही मिनिटांत इटलीत जातात. तेथून पुढे वाहनांचा आवाज विरत जातो, झाडे संपतात आणि ‘मृतांची दरी’ सुरू होते. ऑगस्टमध्ये तेथे रानफुले असतात. पण सावलीच्या खाचांत जुने बर्फही असते. शेवटच्या वळणानंतर एकाएकी धर्मशाळेची करडी, उंच, कोणताही डौल नसलेली इमारत समोर येते. इमारतीपुढे लहानसे तळे आणि तळ्याच्या दुसऱ्या टोकापाशी इटलीची हद्द.

चौथ्या दिवशी ज्युपिटरच्या पठारावरून उतरायला सुरुवात होते. काही ठिकाणी खडकात कोरलेला रोमन रस्ता दिसतो. पहिले गाव सँ-रेमी. येथल्या पुरुषांवर पिढ्यान्‌पिढ्या खिंडीतील वाट राखण्याची आणि प्रवाशांना पार नेण्याची जबाबदारी होती. त्या बदल्यात सॅव्हॉय राजघराण्याने त्यांना लष्करी सेवेतून सूट दिली होती. त्यांना ‘बर्फाचे सैनिक’ म्हणत. धर्मशाळेचे नाव जगभर झाले, पण या गावकऱ्यांच्या खांद्यांवाचून ती चालली नसती. एत्रूबल येथे मुक्काम करून पाचव्या दिवशी मध्ययुगीन पाटांच्या काठाने वाट आओस्ताकडे उतरते. पाटाचे संथ पाणी शेजारून वाहत असते आणि गुडघ्यांना प्रथमच विश्रांती मिळते.

आओस्तात ऑगस्टसची कमान आजही उभी आहे. याच शहरात १०३३ मध्ये अँसेल्मचा जन्म झाला. आल्प्स ओलांडून तो उत्तरेस गेला आणि १०९३ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप झाला. वाटेची दोन टोके एका माणसाच्या आयुष्यात अशी जोडली गेली.

काळजी कोणती घ्यावी?

या वाटेने चालण्याचा योग्य काळ जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये माथ्याजवळ बर्फ असू शकते. खिंडीतील मोटाररस्ता साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत बंद असतो. त्या काळात धर्मशाळेपर्यंत स्कीवर किंवा बर्फावर चालण्याची जाळीदार पादत्राणे घालूनच जाता येते. हिमस्खलनाचा धोका असल्याने हे काम जाणकारांच्या सोबतीनेच करावे. उन्हाळ्यातही हवामान तासाभरात पालटते; गरम कपडे, पाऊसकोट आणि घोट्याला आधार देणारे बूट हवेतच. दुपारनंतर गडगडाटी वादळांची शक्यता वाढते, म्हणून सकाळी लवकर निघणे शहाणपणाचे. स्वित्झर्लंडमध्ये डोंगरवाटांवर पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणा असतात आणि व्हिया फ्रांचिजेनाचा क्रमांक ७० आहे. संकटकाळी दोन्ही देशांत ११२ हा दूरध्वनी क्रमांक चालतो.

भारतीय नागरिकांना शेंगेन व्हिसा लागतो; दोन्ही देश त्यात येत असल्याने खिंडीतील सीमेसाठी वेगळा व्हिसा नको. मात्र पारपत्र जवळ असावे. यात्रेकरूंसाठी एक यात्रापुस्तिका मिळते. मुक्कामाच्या ठिकाणी तिच्यावर शिक्के घेतले जातात आणि काही निवासांत सवलत मिळते. धर्मशाळेत जागेची आधी नोंदणी करणे इष्ट.

बोगद्यानंतर

बोगदा झाला तेव्हा एक प्रश्न साहजिकच पुढे आला. प्रवासी डोंगराखालून जाणार असतील, तर डोंगरमाथ्यावर धर्मशाळा हवी कशाला? खुद्द या संघानेही आपले काम दुसरीकडे नेण्याचा प्रयत्न यापूर्वी केला होता. १९३० च्या दशकात त्याचे काही धर्मबंधू चीन-तिबेट सीमेवरील डोंगराळ मुलखात गेले. तेथील एका खिंडीत अशीच धर्मशाळा उभारण्याचा त्यांचा बेत होता. ऑर्सिएरचाच रहिवासी असलेला मॉरिस तोर्ने १९४९ मध्ये तेथे मारला गेला आणि तो बेत अपुराच राहिला.

ग्रेट सेंट बर्नार्डवरील धर्मशाळा मात्र बंद झाली नाही. धर्मबंधूंची संख्या घटली आहे. त्यांच्या जोडीला आता इतर सहकारी काम करतात. पूर्वी विनामूल्य असलेल्या निवासासाठी आता शुल्क घेतले जाते. येणाऱ्यांत श्रद्धाळू थोडे, डोंगरवेडे अधिक आणि आयुष्यात कुठेतरी थबकलेले, चार दिवस शांतता शोधणारे पुष्कळ. थंडीने मरणाऱ्याला वाचविण्याची वेळ आज क्वचितच येते. तरी भर हिवाळ्यात, रस्ता बंद असताना, एखाद-दुसराच पाहुणा येणार असला तरी वर कोणीतरी राहते, चूल पेटती ठेवते आणि आलेल्याच्या हाती गरम चहा देते.

पोप अकरावे पायस हे स्वतः गिर्यारोहक होते. १९२३ मध्ये त्यांनी बर्नार्डला आल्प्सचा आणि गिर्यारोहकांचा संरक्षक संत घोषित केले. बर्नार्डच्या नावावर एकही शिखर जिंकल्याची नोंद नाही, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आओस्ताकडे उतरणारा पदयात्री मागे वळून पाहतो तेव्हा त्याला खिंडीच्या आजूबाजूला तिच्याहून कितीतरी उंच शिखरे दिसतात. त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात. ठाऊक असते ते फक्त त्या सखल खाचेचे नाव, जेथे कोणीतरी दुसऱ्यासाठी थांबून राहिले.